चकव्याला भांडण ठाऊक नसतं

मी गाव सोडलं त्या दिवशी एसटी बंद होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारलेला, गंगाखेडला गाड्यांच्या काचा फुटल्याची खबर सकाळीच आलेली. मला परभणीहून रेल्वे धरायची होती, मनमाडला गाडी बदलून मुंबई, आणि मुंबईहून कॅनडाचं विमान. नवरा काही महिने आधीच तिकडं गेला होता. विमान काही आमच्या जिल्ह्यातल्या बंदसाठी थांबणार नव्हतं. म्हणून अप्पांनी राणीसावरगावच्या एका व्यापाऱ्याची जीप मागून आणली आणि माझी पेटी मागच्या बाजूला कडब्याच्या पेंढ्यांखाली झाकली. पेटीत साड्या आणि दोन स्वेटर होते. ते का लपवायचे, हे मी विचारलं नाही. त्या वर्षांत आम्ही बऱ्याच गोष्टी न विचारता लपवायचो.

माय रडली नाही. आमच्या घरात रडायचं खातं चुलतीकडं होतं, कामाचं मायकडं. तिनं येसराचा स्टीलचा डबा फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, आमटीला लावतात. परभणी सोडलेल्या माणसाला त्याची किंमत सांगायची गरज नाही.

"ह्यो हातातच धर. पेटीत घालू नको, सांडल," ती म्हणाली. मग जरा जवळ येऊन, "आन् हे बघ कांता, नव्या मुलखात कुणी नाव घेऊन हाक मारली की लगीच ओ देऊ नको."

मी बी.एस्सी. झालेली बाई. "बरं" म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

जीप सुरू झाली तेव्हा रस्त्याच्या पलीकडून, चिंचेखालून आवाज आला. "ए कांते! माझं खुरपं देऊन जा गं आधी! इमानात बसून पळायलीस व्हय?"

ती कोंडाबाई. बंदच्या दिवशी तिनं वस्तीबाहेर यायला नको होतं, तरी आली होती. आली, पण रस्ता ओलांडून इकडं आली नाही.

"तुझं खुरपं तूच हरवलंस!" मी ओरडले.

"बस झालं, चला," अप्पा ड्रायव्हरला म्हणाले.

गंगाखेडच्या अलीकडं रस्त्यावर दगड मांडले होते आणि दगडांमागं माणसं उभी होती. ती कुठल्या बाजूची होती, ते मला आजही सांगता येणार नाही. त्या वर्षांत रस्त्यात उभा असलेला माणूस आधी भीती असायचा, मग माणूस. अप्पा खाली उतरले आणि हात जोडले. माझ्या बापाला हात जोडताना मी देवळाबाहेर पहिल्यांदा पाहिलं.

"लेक नवऱ्याकडं जायलीय. जाऊ द्या भाऊ."

"कुठं?"

"लांब."

"लांब म्हंजे?"

"मुंबईच्या म्होरं," अप्पा म्हणाले. एका पोरसवद्या माणसानं वाकून माझ्याकडं पाहिलं, माझ्या मांडीवरच्या डब्याकडं पाहिलं आणि पायानं दोन दगड बाजूला सारले. परभणी येईपर्यंत अप्पांचे हात मांडीवर जोडलेलेच होते. स्टेशनात "पोचलीस की कळीव" म्हणाले आणि गाडी हलायच्या आधीच निघाले, कारण त्यांना दिवस असताना गाव गाठायचं होतं.

एवढा माझा निरोप. पुढचं कळायला आधी खुरप्याचं सांगायला हवं.

कोंडाबाई आमच्या शेतात कामाला यायची. दलित वस्तीतली, मायपेक्षा थोडी मोठी, अंगानं काटक आणि तोंडानं त्याहून काटक. आमचं घर गळ्यात लिंग बांधणाऱ्यांचं. शिवापुढं सगळे सारखे, हे आम्हाला लहानपणी शिकवलेलं. तरी कोंडाबाईचा पाण्याचा तांब्या गोठ्यात वेगळा उपडा घातलेला असायचा. हे मी सजवून सांगत नाही आणि कमी करूनही सांगत नाही, होतं तसं सांगते.

ज्वारी दाण्यात आली की राखणीला माळ्यावर बसायचं. चार दांडकी रोवून वर फळ्या टाकलेल्या, वर चढायला एक तिरका बांबू. दिवसा पाखरं, आणि दिवस कलला की रोही. रोही म्हणजे नीलगाय. घोड्याएवढं जनावर, नर काळसर निळा. ज्वारीत घुसला की खातो त्याच्या दुप्पट तुडवतो. पण नावात गाय आहे म्हणून आमच्याकडं त्याला कुणी मारत नसे, नुसतं हाकलायचं. डबा बडवायचा, गोफण फिरवायची, बोंबलायचं. मादी आणि पिलं पळायची. म्हातारा नर मात्र कधीकधी तिथंच उभा राहून आपल्याकडं बघायचा. त्या बघण्याची मला फार भीती वाटायची. माळ्यावर माझ्याबरोबर कोंडाबाई असायची म्हणून मी तिथं बसू शकले.

रोहीहून मोठी भीती चकव्याची. रानात माणसाला वाट चुकवतं ते भूत. ओळखीच्या आवाजात नाव घेऊन हाक मारतं. आपण ओ दिली की संपलं, रात्रभर स्वतःमागं फिरवतं, आणि सकाळी माणूस विहिरीच्या काठावर सापडतो, नाहीतर विहिरीत. यावरचे दोन नियम आमच्या भागातल्या पोराबाळांना पाठ. रानातल्या हाकेला ओ द्यायची नाही. आणि चकवा लागलाय असं वाटलं की एक पाऊल पुढं न टाकता आहे तिथं बसायचं, सूर्य वर येईपर्यंत.

"पण मग खरंच घरच्यानं हाक मारली तर?" मी एकदा माळ्यावर विचारलं.

कोंडाबाई तंबाखू मळत होती. "नाव तर समद्यांना ठाऊक असतंय गं. चकव्याला भांडण ठाऊक नसतंय. जे हाक मारून वर शिव्या बी देतंय, ते आपलं माणूस."

आणि खरंच, आमच्या शिवारात नुसती हाक कुणी मारत नसे. "गंगे, ए गंगे, तुझी शेळी माझा पाला खायलीय!" "नारबा, विळा नेलास त्यो काय सासऱ्याचा हाय का?" शेपूट लावल्याशिवाय हाक पुरी व्हायची नाही. लोकांना हे भांडखोरपण वाटायचं. ती ओळख होती.

त्याच मोसमात कोंडाबाईचं खुरपं हरवलं. ती म्हणे, मी तुझ्या हातात दिलं होतं. मी म्हणे, नाही दिलं. नाहीच दिलं.

नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा मी शाळेत होते. आमच्या गावात घर जळालं नाही. पण धूर दिसायचा, कधी या बाजूला, कधी त्या. पावसाळ्याचे दिवस, ज्वारी डोक्याच्या वर. दिवेलागणीला कोंडाबाईची सगळी वस्ती उठून ज्वारीत जायची आणि उजाडल्यावर परत यायची. चिखल, विंचू, अंगावर पाऊस. घरात झोपण्यापेक्षा ते बरं, असं त्यांनी ठरवलं होतं. यावरून घरात काय वाटत असेल ते समजा.

मायनं भाकरी बांधून मला पाठवलं. "तू पोरगी हाईस. तुझा कुणाला संशव यायचा न्हाई." अप्पा ओसरीत होते. त्यांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं. आमच्याकडं तोंड फिरवणं म्हणजे हो म्हणणं.

बांधावर उभी राहून मी दबक्या आवाजात हाक मारली. "कोंडाबाई!" काही नाही. आत माणसं आहेत हे मला कळत होतं. कुणीतरी तान्ह्या लेकराच्या तोंडावर हात दाबून धरला होता, तो घुसमटलेला आवाज येत होता. मी पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. तो आवाजही बंद झाला. मग मला कळलं की ते माझ्याच हाकेला भ्यायलेत. ज्यांची त्यांना भीती होती, ती माणसं बाहेरून आलेली थोडीच असणार होती? त्यांनाही सगळ्यांची नावं ठाऊक होती.

"मी न्हाई हरवलं तुझं खुरपं!" मी म्हणाले. "तुझ्याच सुनेनं बांधावर टाकलं आसंल!"

ज्वारी हलली.

"खोटं बोलायलीस. मी तुझ्या हातात दिल्तं." कोंडाबाई गुडघ्यापर्यंत चिखलात भरलेली, वाकून बाहेर आली. तिनं गाठोडं घेतलं. आभार-बिभार नाही. "उद्या येशील तर आशीच भांडत ये," एवढं म्हणाली आणि आत गेली.

मी तशीच भांडत जात राहिले, धूर दिसायचा थांबेपर्यंत. त्यांना आमच्या घरात बोलवावं असं मात्र कुणी म्हणालं नाही. अप्पा नाही, माय नाही, मीही नाही. भाकरी बांधापर्यंत पोचत राहिली.

आता कॅनडा. ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेला, लाकडाच्या गिरणीभोवती वसलेलं एक छोटं गाव. नवरा तिथं इलेक्ट्रिशियन. माणूस आमच्याच जिल्ह्यातल्या वालूरचा, नाव वैजनाथ. गिरणीतल्या लोकांनी त्याचं 'वीज' करून टाकलं, धंद्याला शोभलं. त्यांच्या घरीही ज्वारी, रोही आणि माळा. लग्नाआधी एकमेकांशी बोलायला आम्हाला विषय सापडला तो तेवढाच.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही मेलो नाही, ते शेजारच्या रेमुळं. रे हा लाकडाचे ट्रक चालवून निवृत्त झालेला, बायको वारलेली, एक गुडघा कामातून गेलेला. शेगडी रात्रभर कशी धुमसत ठेवायची, पाण्याचे नळ गोठू नयेत म्हणून काय करायचं, बर्फात पाय ओला झाला की लगेच मोजा का बदलायचा, हे त्यानं शिकवलं. बोलायचा कमी. शिकवून झालं की चहा न घेता जायचा. पुढं पुढं आल्याचा चहा घ्यायला लागला.

मूस हे जनावर मी पहिल्यांदा त्याच्याच ट्रकमधून पाहिलं. रस्त्याच्या कडेला उभं होतं. रोहीच्या आज्याला कुणीतरी टांगून लांब केलंय आणि डोक्यावर दोन पराती ठेवल्यात, असं काहीतरी. त्यानं आमच्याकडं पाहिलं. तीच नजर. म्हाताऱ्या रोहीची, माळ्यावरून पाहिलेली. इथं त्याला नुसतं हाकलत नाहीत. रे दरवर्षी परवाना काढून एक मूस मारायचा आणि त्यावर त्याचा हिवाळा निघायचा.

आमच्या दोघांच्याही घरात पिढ्यानपिढ्या मांस शिजलेलं नाही. पण त्या वर्षी रेनं मांसाचं एक पुडकं आणून दिलं, आणि नवऱ्याला नको म्हणता येईना. म्हणता आलं नाही इथवर ठीक. त्यानं ते पुडकं फ्रीजरमध्ये ठेवलं ते मायच्या येसराच्या डब्यात. डबा रिकामा दिसला म्हणे. मला ते सापडलं तेव्हा मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. ते भांडण संपलंच नाही. आमटी फिकी झाली की निघायचं, पाहुणे आले की निघायचं, कारण नसताना निघायचं. नवऱ्याचं उत्तर ठरलेलं: "अगं, पिशवीत गुंडाळलं होतं." माझं ठरलेलं: "डबा धुतलात का?"

पुढच्या नोव्हेंबरात रे आमच्या दारात आला. शिकारीला नेहमी बरोबर येणारा त्याचा सोबती लेकीकडं दूर राहायला गेला होता. गुडघा त्रास देत होता, हंगाम संपत आला होता, फ्रीजर रिकामा. वीजनं बंदूक धरायची गरज नाही, नुसतं बरोबर चलावं आणि मांस ट्रकपर्यंत ओढायला हात लावावा.

"एवढा उशीर का केलास?" मी विचारलं.

"उशिराच जातो मी. सप्टेंबरात त्यांचा माज असतो. मादीचा आवाज काढला की नर आंधळ्यासारखा धावत येतो. त्यात काय शिकार? आता माज ओसरला. नर हडकलेला, थकलेला, दाट झाडीत गप्प बसून असतो. कितीही हाका मार, येत नाही, ओ देत नाही."

"मग सापडतो कसा?"

"बर्फातली पावलं बघायची आणि तोंड बंद ठेवायचं." रे नवऱ्याकडं पाहून म्हणाला, "कांता, तुला जमणार नाही."

मी हसले नाही. मला जाणं पसंत नव्हतं. पण पहिला हिवाळा आठवला की नाही म्हणायला तोंड राहत नव्हतं. नवरा सकाळी निघाला तेव्हा जॅकेटच्या आत गळ्यातलं लिंग, बाहेर भगभगीत नारिंगी बंडी. दारात मी म्हणाले, "येताना काही आणलंत तर डब्याला हात लावायचा नाही." ते म्हणाले, "पिशवीत गुंडाळलं होतं गं," आणि ट्रकमध्ये चढले.

दुपार कलल्यावर रेचा ट्रक आला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसलं, आत एकच डोकं आहे. मी आधी शेगडीवरचं पातेलं उतरवलं. मग दार उघडलं.

रेनं उभ्या उभ्या सांगितलं. नर दिसला, गोळी लागली, पण तो पडला नाही, रक्ताचे थेंब सांडत झाडीत शिरला. रेनं वीजला एका पडलेल्या ओंडक्यापाशी उभं केलं, इथून हलू नको म्हणून सांगितलं, आणि स्वतः वळसा घालून पलीकडून गेला. तेवढ्यात बर्फ पडायला लागलं. परत आला तर ओंडक्यापाशी कुणी नाही, आणि पावलं बुजलेली. हाका मारल्या. गोळ्या झाडल्या. उत्तर नाही. मग फोन करायला इथं आला.

फोन झाला. पोलीस म्हणाले, शोधायला माणसं गोळा करतो. पण अंधार पडायला थोडाच वेळ होता, बर्फ थांबत नव्हतं, नीट शोध उजाडल्यावरच. रेनं रिसीव्हर ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "मी परत जातो. तू इथं थांब."

तोवर मी थर्मास भरला होता, घोंगडी, कोरे मोजे आणि बॅटरी पिशवीत टाकली होती आणि ट्रकमध्ये जाऊन बसले होते.

त्या रस्त्याबद्दल मला फारसं आठवत नाही. काचेवरची बर्फ सारणारी पट्टी आठवते. आणि अप्पांचे जोडलेले हात, कारण तसेच माझेही मांडीवर जोडलेले होते.

लाकूडतोडीच्या कच्च्या रस्त्याला ट्रक थांबला. दोन्ही बाजूंना काळी झाडं, खाली पांढरं, वर राखाडी. आवाज नाही. आमच्या रानात कधी इतकं गप्प नसतं, काहीतरी किरकिरत असतं. रे खाली उतरला, तोंडाभोवती हात धरले, "वीज!" म्हणून एकदा ओरडला आणि कान देऊन उभा राहिला. काही नाही. लंगडत पुढं गेला, वळणावर पुन्हा "वीज!" आणि पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा अगदी पलीकडून. समोरच्या टेकडीवर आवाज आपटून परत आला, जणू तिकडूनही कुणीतरी हाक मारतंय.

मी त्याला गाठून विचारलं, "मघाशी अशाच हाका मारल्यास? एकेकच, वेगवेगळ्या जागेवरून?"

"हो. हाक मारायची, मग ऐकायचं. अशीच मारतात." आवाज खाली आणून तो म्हणाला, "ऐकण्याच्या टप्प्यात असता तर त्यानं ओ दिली असती, कांता."

रेला जे वाटत होतं ते त्याच्या तोंडावर होतं. माझी भीती दुसरी होती, आणि ती त्याहून वाईट होती. माझा माणूस जिवंत होता, ऐकत होता आणि ओ देत नव्हता. वालूरच्या शिवारात वाढलेला माणूस. सकाळपासून थकलेला, वाट चुकलेला, आणि नाव घेऊन हाक येतेय कधी डावीकडून, कधी उजवीकडून, कधी टेकडीतून. लहानपणी शिकवलेलं सगळं तो बिनचूक करत असणार. आहे तिथं बसला असणार, सूर्य वर येईपर्यंत. आमच्या ज्वारीत तसं बसलेला माणूस सकाळी घरी येतो. इथं घामानं भिजलेल्या कपड्यांत बसलेला माणूस सकाळी सापडतो, एवढंच.

"अहो!" मी ओरडले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, भीतीनं बारीक झालेला. असा आवाज माझा नाही. माझा माणूस यावर विश्वास ठेवणार नाही. "अहो!" आणखी एकदा. झाडं तशीच. उजेड विरत चालला होता. रे म्हणाला, "आपण ट्रककडं जाऊ, हॉर्न वाजवू."

"थांब," मी म्हणाले. छाती भरून श्वास घेतला.

"अहो! माझ्या मायच्या येसराच्या डब्यात मांस कुणी ठेवलं?"

रे दचकून माझ्याकडं वळला. बिचाऱ्याला वाटलं असणार, बाईचं डोकं फिरलं.

"लाज न्हाई वाटली? वालूरला आसतात तर आईनं उंबरा ओलांडू दिला नसता! नुसता डबा दिसला की घाला काहीबी!"

काही नाही. एखाद्या फांदीवरचं बर्फ धप्पकन पडलं. मी रडू आवरलं, कारण रडक्या आवाजात भांडता येत नाही.

मग उजव्या हाताच्या उतारावरून, लांबून, पातळ असा आवाज आला.

"...पिशवीत... गुंडाळलं होतं!"

"कुठल्या पिशवीत?" मी त्या दिशेनं बर्फ तुडवत निघाले होते. रे मागून बॅटरी धरून.

"दोन... दोन पिशव्या होत्या!"

"डबा धुतलात का?"

यावर उत्तर आलं नाही. मी थांबले. एकदा वाटलं, संपलं.

"धुतलात का म्हणते मी!"

"धुतला!"

"खोटं!"

असे भांडत भांडत आम्ही त्यांच्यापर्यंत पोचलो. एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी, खालच्या फांद्यांच्या आत, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. पापण्यांवर बर्फ, ओठ जड झालेले, एक हातमोजा कुठं पडला होता त्याचा पत्ता नाही. रेनं त्यांना उठवलं, मी घोंगडी गुंडाळली, थर्मासचं टोपण तोंडाला लावलं.

"रेचा आवाज चारी बाजूंनी यायला लागला," ते म्हणाले, शब्द चघळत. "म्हटलं, हे काही खरं न्हाई. मग तुझाबी आला, बारीक. तवा तर लय भ्यालो. म्हटलं, आता तिचं सोंग घेतलंय." चहा अंगावर सांडला. "तू आलीस तर भांडतच येशील, एवढं ठाऊक होतं."

रेनं विचारलं, तू ओरडून त्याला काय सांगितलंस? मी म्हणाले, घरातलं होतं.

डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. थोडक्यात भागलं. दुसऱ्या दिवशी रे आणि शोधायला म्हणून आलेली माणसं त्याच झाडीत गेली, कारण जखमी जनावर तसंच सोडणं रेला मान्य नव्हतं. नर जवळच मरून पडला होता, आम्ही भांडत गेलो त्या वाटेपासून फार लांब नाही. आमचं सगळं भांडण त्यानं ऐकलं असेल का, हा विचार मला अजून कधीकधी येतो आणि मी तो झटकते. त्या हिवाळ्यात रे मांस घेऊन आमच्या दारात आला नाही. आम्हीच त्याच्याकडं गेलो. त्यानं त्याचं रांधलं, मी भाकरी आणि येसराची आमटी नेली, एका टेबलावर बसून ज्यानं त्यानं आपापलं खाल्लं.

विद्यापीठाला नवं नाव लागलं तेव्हा अप्पांचा फोन आला होता. त्या काळी तिकडून फोन म्हणजे कुणीतरी गेलं, म्हणून मी आधी खुर्ची ओढून बसले. "झालं एकदाचं," अप्पा म्हणाले. "कोंडाबाई दारात येऊन पेढा देऊन गेली."

"मायनं घेतला?"

"घेतला की."

"खाल्ला?"

लाइन खरखरत होती. "खाल्ला," अप्पा म्हणाले.

त्यानंतर लगेच, हुरड्याच्या दिवसांत, मी गावी गेले. आमच्यासारख्या निघून आलेल्यांना लोक एकच विचारतात, तुमचं घर आता कुठलं? तुम्हालाही विचारत असतील. मी सोपं उत्तर देते, जिथं शेगडी माझी तिथं. पण मनात दुसरं असतं. माझं नाव आता दोन मुलखांत माणसांना ठाऊक आहे. बँकेत, दवाखान्यात, पोस्टात, सगळीकडं हसून नाव घेऊन हाक मारतात, आणि मी हसून ओ देते. आत कुठंतरी माझं माळ्यावरचं पोर पाय पोटाशी घेऊन बसलेलंच असतं.

त्या खेपेला मी दिवस कलताना एकटीच शेताकडं गेले. नको जायला असं माय म्हणाली होती. माळ्याची दांडकी तशीच होती, फळ्या गेलेल्या. ज्वारी छातीच्या वर आलेली. वारा पडला आणि सगळं शिवार गप्प झालं, आणि इतक्या वर्षांनी मला पुन्हा तीच भीती वाटली, रस्त्यावरच्या दगडांची, धुराची, बर्फाची, सगळी एकदम.

मागून आवाज आला. "कांता."

मी हलले नाही. ज्वारीतून पुन्हा आला, म्हाताऱ्या बाईचा आवाज, कुणाचाही असू शकेल असा. "कांताबाई."

मी बांधावर तशीच उभी राहिले.

"ए भवाने! कॅनडातनं आलीस, माझं खुरपं आणलंस का?"

मग मी ओ दिली.